नीलमावर पोट भरतं का?

प्रिय ताई,
नमस्कार.

तुमचं पत्र चवथीच्या गडबडीत आलं, म्हणून उत्तराला उशीर. तुम्ही लिहिता: फोंड्याच्या बाजारात यजमानांची सोनारकामाची पेढी. मुलगा बारावी सायन्सला, गणित-फिजिक्समध्ये चांगला. एकदा पेढीवर कुणीतरी प्रयोगशाळेत बनवलेला नीलम दाखवायला आणला. शेटांनी तो ‘बनावट’ म्हणून बाजूला सारला, आणि पोरगा मात्र त्याच्याच मागे लागला. आता म्हणतो, मला नीलमावर संशोधन करायचंय. शेट म्हणतात, मग रत्नपरीक्षेचा कोर्स कर आणि पेढीवर बस. तुमचा प्रश्न सरळ आहे, नीलमावर पोट भरतं का?

आधी त्या ‘बनावट’चा निकाल लावू. तुमच्या पेढीत धार लावायला, घासायला कुरुंद येतो ना? नीलम आणि माणिक ही त्याचीच राजघराण्यातली भावंडं. मूळ द्रव्य ॲल्युमिनियम ऑक्साइड. किंचित क्रोमियम मिसळलं की माणिक, लोखंड आणि टायटॅनियम मिळून शिरले की निळा नीलम. काहीच शिरलं नाही तर पाण्यासारखा बिनरंगी स्फटिक, आणि विज्ञानाला बहुतेक वेळा तोच लागतो. १९०२ साली फ्रान्समध्ये व्हर्नॉय यांनी ज्वालेत माणिक वाढवण्याची पद्धत जाहीर केली, तेव्हापासून हे खडे माणूस बनवतो आहे. ते काच नव्हेत. खाणीतल्या खड्याची आणि यांची अणूंची घडण एकच. गिऱ्हाइकाला खाणीतला सांगून विकला तर ती फसवणूक, पण प्रयोगशाळेत खाणीतला खडाच कुचकामी, कारण त्यात खोट फार.

शेटांना एक आकडा सांगा, त्यांना लगेच कळेल. सोनं १०६४ अंशांना वितळतं. हे द्रव्य वितळायला सुमारे २०५० अंश लागतात. मूस मोलिब्डेनमची किंवा इरिडियमची. त्या रसात बी-स्फटिक टेकवून तो अगदी सावकाश वाढवायचा, मोठ्या ठोकळ्याला आठवडे जातात. घाई केली की आत बुडबुडे आणि ताण.

आता याचा उपयोग काय. तुमच्या देवघरातला एलईडी दिवा पाहा. त्याच्या आत निळा प्रकाश देणारा गॅलियम नायट्राइडचा पातळ थर असतो आणि तो बहुतेक वेळा नीलमाच्या चकतीवर वाढवलेला असतो. गंमत अशी की दोघांच्या अणूंची ठेवण जुळत नाही, सुमारे १६ टक्क्यांचा फरक पडतो. त्यामुळे थराला तडे जायचे, दोष भरायचे. १९८६ मध्ये जपानात आकासाकी आणि अमानो यांनी मध्ये ॲल्युमिनियम नायट्राइडचा बारीक थर घातला आणि वाट मोकळी झाली. पुढे नाकामुरांनी झगझगीत निळा दिवा करून दाखवला. तिघांना मिळून २०१४ चं नोबेल. म्हणजे अख्खं नोबेल ‘हा थर त्या खड्यावर नीट का बसत नाही’ या प्रश्नातून उगवलं.

दुसरं उदाहरण लेझरचं. १९८२ मध्ये अमेरिकेत पीटर मोल्टन यांनी टायटॅनियम मिसळलेल्या नीलमाचा लेझर चालवून दाखवला. त्याच्या झोतातून इतके छोटे स्पंद काढता येतात की सेकंदाचे दहा कोटी भाग करा, त्यातल्या एका भागाचे पुन्हा एक कोटी, तेवढ्या मापाची कामं तो करतो. रासायनिक बंध तुटताना पाहायचा तर असा प्रकाश लागतो.

आणि माझं लाडकं उदाहरण जपानच्या कामिओकाचं. तिथे डोंगराच्या पोटात कागरा नावाची, अवकाशातल्या प्रचंड घडामोडींतून उठणाऱ्या गुरुत्वीय लहरी पकडणारी वेधशाळा आहे, बाहू तीन-तीन किलोमीटरचे. तिचे मुख्य आरसे नीलमाचे, एकेक २३ किलोचा, उणे २५३ अंशांच्या आसपास गार करायचे. एवढ्या थंडीत नीलम उष्णता झटकन वाहून नेतो आणि फार कमी थरथरतो, म्हणून त्याची निवड झाली. पण स्फटिकात प्रकाश दिशेनुसार वेगळा चालतो, आणि हा फरक आरशात सगळीकडे सारखा नसल्यामुळे तिथल्या लोकांना चांगलाच त्रास झाला. (आपल्या हिंगोलीत, औंढा नागनाथला उभ्या राहणाऱ्या लायगो-इंडिया या अशाच वेधशाळेचे आरसे मात्र सिलिकाचे आणि खोलीच्याच तापमानाचे, हे मुलाला सांगा, नाहीतर तो तिथे नीलम शोधत जाईल.)

ताई, ही तिन्ही उदाहरणं मुद्दाम दिली. तिन्हीकडे काम एकच आहे, खड्यातली खोट ओळखायची, ती कुठून आली हे शोधायचं आणि कमी करायची. शेट भिंग डोळ्याला लावून रोज काय करतात? म्हणून मला हे बाप-लेकाचं भांडण वाटत नाही. शेटांचं भिंग दहापट दाखवतं, पोराला लाखपट दाखवणारं हवंय.

पण ‘नीलम संशोधक’ अशी नोकरीची पाटी कुठेच नसते. करिअर आहे ते पदार्थविज्ञानाचं, स्फटिक वाढवण्याचं, लेझरचं, अर्धवाहकांचं (ज्यांपासून चिप आणि एलईडी बनतात ती द्रव्यं). आज नीलम, उद्या सिलिकॉन कार्बाइड. मुलाला फक्त निळ्या खड्याचा मोह असेल तर शेटांचं ऐकणं बरं, रत्नपरीक्षा हाही मानाचा धंदा आहे.

मोह त्याहून खोल असेल तर वाट अशी. आयसर आणि नायसर या केंद्र सरकारच्या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था; या वर्षी आयसरची प्रवेशपरीक्षा आणि नायसरसाठीची नेस्ट ही परीक्षा द्यावी, पुण्याचं आयसर तुम्हाला जवळचं. नाही जमलं तर काही बिघडत नाही. मिरामारचं धेंपे किंवा मडगावचं चौगुले, तिथे फिजिक्स घेऊन बीएस्सी, मग जॅम ही एमएस्सीची प्रवेशपरीक्षा देऊन आयआयटी, किंवा ताळगाव पठारावरचं गोवा विद्यापीठ. पुढे नेट, गेट किंवा जेस्ट या परीक्षांवरून पीएचडी. सीएसआयआर या केंद्र सरकारच्या संशोधन परिषदेची पीएचडीसाठीची कनिष्ठ शिष्यवृत्ती २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे, तेव्हा घरून पैसे मागवायची वेळ येऊ नये. लेझर आणि अणुऊर्जेकडे ओढा असेल तर इंदूरचं राजा रामण्णा केंद्र आणि मुंबईत ट्रॉम्बेचं भाभा केंद्र. पक्की नोकरी लागेपर्यंत बारावीनंतर दहा-अकरा वर्षं मात्र धरून चाला. आणि गोव्यातच राहायचं असेल तर पर्याय कमी आहेत, हे आताच सांगितलेलं बरं.

शनीसाठी मुलाला नीलम घालायचा का, हे तुम्ही शेवटी विचारलंत. तो माझा विषय नव्हे.

निर्णयाआधी त्याला एक काम द्या. बाजारातून तुरटी आणायची. गरम पाण्यात विरघळेल तेवढी विरघळवायची, गाळायची, दुसऱ्या दिवशी तळाशी आलेल्या कणांतला सर्वांत रेखीव कण दोऱ्याला बांधून त्याच पाण्यात टांगायचा. वर कागद झाकायचा, धूळ नको. तुमच्या दमट हवेत पाणी उडायला वेळ लागेल, तो चिडेल. खडा ढगाळ निघाला तर का निघाला ते वहीत लिहायला सांगा आणि पुन्हा टांगायला सांगा. दिवाळीपर्यंत त्याने किती वेळा टांगला, आणि वहीत काय लिहिलं, ते मला कळवा. झालेला खडा शेटांना भिंगाखाली बघू द्या.