मीटररूमची आग, धुराने भरलेला जिना आणि अकराव्या मजल्यावरील रहिवासी

आपल्या प्रश्नाचा आशय असा की, नागपूरच्या वर्धा रोडवरील आपल्या चौदा मजली इमारतीत तळमजल्यावरच्या मीटररूमला आग लागली, थोड्याच वेळात जिना धुराने भरला, काही रहिवासी लिफ्टने उतरले, काही धुरातूनच खाली धावले, आणि आता कमिटी प्रत्येक मजल्यावर अग्निशामक सिलिंडर टांगून विषय मिटवू पाहत आहे. एवढे पुरेसे आहे का, आणि चालू न शकणाऱ्या आईसोबत अकराव्या मजल्यावर राहणाऱ्या आपण अशा वेळी उतरावे की थांबावे, हे आपण विचारले आहे. आमच्या सोसायटीत सचिव म्हणून ही कामे बरीच वर्षे माझ्याकडे होती, त्या आधारे उत्तर देतो.

सिलिंडर अवश्य बसवावेत, परंतु ते शेवटचे काम आहे, पहिले नव्हे. तळमजल्यावरील आगीच्या ज्वाळा सहसा अकराव्या मजल्यावर पोहोचत नाहीत. पोहोचतो तो धूर, आणि जळणाऱ्या केबलच्या आवरणाचा धूर काळा, दाट व विषारी असतो. त्यातील कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, त्यामुळे धोका ध्यानात येण्याआधीच माणसाची शुद्ध हरपू शकते. गरम धुराला वर चढण्यासाठी इमारतीत तीन उभ्या वाटा असतात: जिना, लिफ्टचा शाफ्ट आणि विजेचा डक्ट, म्हणजे केबल वर नेणारी उभी पोकळी. या तीन वाटा धुराला बंद ठेवणे हीच माझ्या मते उंच इमारतीतील अग्निसुरक्षा होय. बाकीचे सारे त्याला पूरक आहे.

कमिटीने सर्वप्रथम प्रत्येक मजल्यावर विजेच्या डक्टचे दार उघडावे आणि टॉर्चचा उजेड खाली टाकून पाहावा. केबलच्या बाजूच्या फटीतून खालचा मजला दिसत असेल, तर त्या दिवशीचा धूर बहुधा त्याच वाटेने वर आला. बिल्डरने स्लॅबमधले भोक बुजवलेले असले तरी पुढे इंटरनेटची वायर टाकणारा येतो, छिन्नीने नवे भोक पाडतो आणि निघून जातो. त्या भोकाकडे नंतर कोणी ढुंकून पाहत नाही. ही भोके आगरोधक सीलंटनेच बुजवून घ्यावीत. बाजारात मिळणारा साधा फोम स्वतःच जळतो, तेव्हा स्वस्तात काम उरकण्याचा मोह टाळावा.

जिन्याच्या फायर डोअरची कथाही सर्वत्र सारखीच असते. नॅशनल बिल्डिंग कोड २०१६ नुसार हे दार १२० मिनिटे आग थोपवणारे आणि आपोआप बंद होणारे असावे लागते, पण उन्हाळ्यात वारा यावा म्हणून ते सुतळीने रेलिंगला बांधलेले किंवा विटेने अडवलेले असते. उघड्या फायर डोअरचा उपयोग शून्य. दार आपोआप लावून घेणारा डोअर क्लोजर बिघडला असल्यास तो त्याच आठवड्यात बदलावा. हा खर्च सिलिंडरच्या आधी करावा असे मी आग्रहाने म्हणेन.

आता उतरावे की थांबावे याविषयी. आग आपल्याच घरात लागली असेल तर सर्वांनी तत्काळ बाहेर पडावे आणि निघताना दार ओढून घ्यावे, कुलूप मात्र लावू नये. आग दुसरीकडे असेल तर दार उघडण्यापूर्वी त्याला हाताची मागची बाजू लावून पाहावी. दार गार असल्यास किंचित उघडून जिना पाहावा. जिना स्वच्छ असेल तर उतरावे. जिन्यात धूर असेल तर उतरण्याचा विचार सोडून मागे फिरावे, कारण अकरा मजले धुरातून उतरणे धडधाकट माणसालाही शक्य होईलच असे नाही. दार लावून घ्यावे, खालच्या फटीत ओले टॉवेल दाबावेत, कूलर आणि एसी बंद करावेत, आणि आगीपासून दूरच्या, रस्त्याकडील खोलीत जाऊन १०१ किंवा ११२ वर विंग, मजला, फ्लॅट क्रमांक आणि चालू न शकणारी व्यक्ती सोबत असल्याचे स्पष्ट सांगावे. धूर वर साचत असल्याने गच्चीकडे धावणे हा शेवटचाच पर्याय समजावा. तरीही गच्चीचे दार कुलूपबंद ठेवणे अक्षम्य आहे.

या नियमाला एक गंभीर अपवाद आहे. लंडनच्या २४ मजली ग्रेनफेल टॉवरमध्ये १४ जून २०१७ रोजी चौथ्या मजल्यावर एका फ्रिजपासून लागलेली आग भिंतींच्या बाहेरील ज्वलनशील आवरणावरून वर चढली. घरातच थांबण्याचा सल्ला मात्र पहाटे पावणेतीनपर्यंत कायम राहिला, आणि त्या दुर्घटनेत ७२ जणांचा मृत्यू झाला. आपल्या इमारतीच्या दर्शनी भागावर पत्र्यासारखे एसीपी (ॲल्युमिनियम कॉम्पोझिट पॅनेल) आवरण असेल तर ते कोणत्या प्रतीचे आहे याची लेखी माहिती बिल्डरकडून घ्यावी, आणि आग बाहेरून चढताना दिसल्यास जिना मोकळा आहे तोवर निघावे.

लिफ्टबद्दल अधिक लिहिण्याची गरज नाही. वीज गेली की ती मध्येच अडकते आणि शाफ्टमध्ये धूर असतो. फायर लिफ्ट अग्निशमन दलासाठी असते.

आपल्या नागपूरची एक अडचण मात्र वेगळी आहे, ती म्हणजे कूलर. पारा ४५ अंशांपर्यंत गेला की घरोघरी एसी व कूलर एकाच वेळी चालतात आणि मीटररूममधील ढिल्या जोडण्या तापू लागतात. म्हणून मार्चमध्येच, कूलर खिडकीत बसण्यापूर्वी, परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून सर्व जोडण्या तपासून घट्ट करून घ्याव्यात आणि शक्य झाल्यास थर्मल कॅमेऱ्याने पाहणी करावी. मीटररूममध्ये रंगाचे डबे, झाडू, जुने फ्लेक्स असे काहीही नसावे. उन्हाळा सरला की तेच कूलर, त्यांचे लोखंडी स्टँड आणि वाळलेल्या खसच्या ताट्या जिन्याच्या लँडिंगवर किंवा रेफ्यूज एरियात जाऊन बसतात. २४ मीटरपेक्षा उंच इमारतीत रेफ्यूज एरिया ही जागा रहिवाशांना आसरा घेता यावा म्हणून ठेवलेली असते. तेथे सुक्या ताट्या रचणे म्हणजे आसऱ्याच्याच ठिकाणी सरपण साठवणे.

आग विझवण्याच्या पाण्याच्या पंपाकडेही लक्ष द्यावे. पाइपात कुठे गळती असली की दाब घटतो, दाब कायम राखणारा छोटा जॉकी पंप रात्री-बेरात्री सुरू होतो, आवाजाच्या तक्रारी येतात आणि कोणीतरी पॅनेलवरचा स्विच ‘ऑटो’वरून ‘मॅन्युअल’वर फिरवून ठेवतो. गळती तशीच राहते आणि गरजेच्या वेळी पंप आपोआप सुरू होत नाही. हायड्रंटची, म्हणजे आग विझवण्यासाठीच्या पाण्याच्या नळाची, पेटी उघडून पाहावी: होज (पाण्याची नळी) कडक होऊन घड्यांवर चिरलेला असू शकतो, आणि पितळी नोझल जागेवर असेलच याची खात्री नसते. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ अन्वये ही यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक एजन्सीचे प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म बी, दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत अग्निशमन विभागाला द्यावे लागते. तपासणीच्या वेळी कमिटीच्या सदस्याने सोबत उभे राहून वरच्या मजल्यावरील हायड्रंटमधून प्रत्यक्ष पाणी सोडायला लावावे. केवळ कागदावर सही घेऊन एजन्सीला परत पाठवू नये.

सिलिंडर घेताना मजल्यांसाठी एबीसी पावडरचे (घन पदार्थ, द्रव इंधन व गॅस यांच्या आगीवर चालणारे) आणि मीटररूमच्या दाराबाहेर कार्बन डायऑक्साइडचे घ्यावेत. विजेच्या आगीवर पाणी टाकू नये. सिलिंडर अर्ध्या मिनिटाच्या आत रिकामा होतो, त्यामुळे तो फक्त सुरुवातीच्या, कचऱ्याच्या डब्याएवढ्या आगीसाठी आहे, आणि वापरणाऱ्याची पाठ नेहमी बाहेर पडण्याच्या वाटेकडे असावी.

आपल्या मातोश्रींसाठी दोन गोष्टी आजच कराव्यात. रस्त्याकडील एक खोली निश्चित करून तिच्या दाराखालील फट मोजून ठेवावी आणि तेथे टॉवेल व पाण्याची बादली कायम असू द्यावी. तसेच कोणत्या फ्लॅटमध्ये कोण चालू शकत नाही याची यादी सुरक्षारक्षकाच्या टेबलावर ठेवावी आणि दर पाळीच्या रक्षकाला ती दाखवून द्यावी, म्हणजे दलाचे जवान फाटकाशी पोहोचताच त्यांना अकराव्या मजल्याचा पत्ता विचारत बसावे लागणार नाही.