धबधब्यावर थांबलेला निळा शिपाई

प्रश्न : माझा मुलगा नववीत आहे. गेल्या दिवाळीत तो मावसभावाबरोबर मोबाईलवर गेम खेळत होता आणि शेवटच्या लढाईत भावाने स्वतः मरून ह्याला वाचवलं, असं म्हणतो. अजूनही सांगताना त्याचा आवाज भरून येतो. गेममधला एखादा क्षण मनात इतका घर करून राहतो का? तुमचं असं कधी झालंय?
— एक आई, सेलू

उत्तर : राहतो. माझ्या मनात एक आहे आणि त्याला वीस वर्षं होऊन गेली.

२००५ चा उन्हाळा, आमचं परभणीचं घर. मामांनी औरंगाबादला गुलमंडीवरून व्हिडिओ गेम आणून दिला होता. टीव्हीची अँटेनाची वायर काढायची, तिथं गेमची खुपसायची, चित्र आलं नाही तर कॅसेट काढून फुंकर मारायची. लोडशेडिंगचे दिवस. दुपारी तीनला लाईट यायची, सहाला परत जायची. त्या गेमात सेव्ह करणं वगैरे काही नव्हतं. लाईट गेली की सगळं पहिल्यापासून.

खेळायचो ते काँट्रा. कोनामी ह्या जपानी कंपनीचा गेम, घरच्या टीव्हीवर खेळायचा तो १९८८ सालचा. दोन शिपाई : मी निळा, ताई लाल. एक गोळी लागली की एक लाईफ गेली, आणि लाईफ तीनच. सुरुवातीलाच ‘वर वर खाली खाली डावं उजवं डावं उजवं’ आणि मग बी, ए अशी बटणं दाबली की ३० लाईफ मिळतात, हे आमच्या गल्लीत कुणालाच ठाऊक नव्हतं. ही युक्ती आधी ग्रॅडियस नावाच्या गेमात काझुहिसा हाशिमोतो यांनी घातली, कारण तो गेम तपासताना त्यांना स्वतःलाच झेपत नव्हता. हे वाचलं तेव्हा त्या माणसाबद्दल मला फार आपुलकी वाटली.

तिसरी पातळी धबधब्याची. पहिल्या पातळीत स्क्रीन उजवीकडे सरकते, इथं वर सरकते, आणि जो पुढे चढेल त्याच्याबरोबर सरकते. वरच्याने घाई केली की खालच्याच्या पायाखालचा दगड स्क्रीनच्या बाहेर जातो आणि तो मरतो. शत्रूची गोळी लागायची गरजच नाही, जोडीदारच मारतो. ताईच्या कितीतरी लाईफ मी अशा घालवल्या. ती ओरडायची, “थांब की रे, मी यायलेय ना!” मला थांबणं जमायचंच नाही. वर काहीतरी दिसलं की माझा अंगठा आपोआप उडीच्या बटणावर जायचा.

मे महिन्यात तिचं लग्न होतं. सासर उदगीरचं. गच्चीवर कुरडया, पापड, शेवयांची वाळवणं पडलेली, आणि ताई चिकाच्या हातानेच मधे दहा मिनिटं येऊन बसायची. तिच्या रिमोटचं उडीचं बटण त्यामुळे चिकट झालं होतं, दाबलं की क्षणभर आतच अडकायचं. म्हणून तिची उडी उशिरा पडायची. हे माझ्या लक्षात आलं ते त्या दुपारी, तिचा रिमोट मी सहज हातात घेतला तेव्हा. इतके दिवस मी तिला “तुला येतच नाही” म्हणत होतो. आतल्या खोलीत आई तिची पेटी भरत होती, कडीचा आवाज येत होता.

त्या डावात मी निळ्याला एका कपारीवर उभा केला आणि वर चढलो नाही. वरून दगड गडगडत यायचे, मी जागच्या जागी उड्या मारून ते चुकवत होतो. खाली अरुंद पुलावरून आगीचा लोळ इकडून तिकडे फिरत होता आणि लाल शिपाई तो कधी पलीकडे जातो याची वाट बघत होता. बटण अडकलं. सुटलं. लाल उडाला आणि माझ्या शेजारी येऊन उतरला. ताईने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, फक्त तिचा गुडघा माझ्या गुडघ्याला टेकला. मग पुढची प्रत्येक पायरी तशीच : मी एक उडी, ती एक उडी.

तुमच्या मुलाचा आवाज भरून येतो तो मोबाईलमुळे, असं मला वाटत नाही. त्याला टोकू नका. एखाद्या दुपारी जवळ बसा आणि तो प्रसंग पहिल्यापासून सांगायला लावा. मधे “पण गेमच ना तो” असं म्हणू नका. आणि त्या मावसभावाला सुट्टीत बोलावून घ्या.

आम्ही वर पोचलो. तिथं दोन लांब हातांचं एक राक्षसी तोंड असतं, ते उघडलं की आत गोळ्या घालायच्या. आम्ही दोघं त्याच्यासमोर उभे राहिलो, माझ्या दोन-तीन गोळ्या सुटल्या असतील, तेवढ्यात लाईट गेली. पंखा हळूहळू थांबला. मला रडूच आलं. ताईने रिमोट लगेच खाली ठेवला नाही. म्हणाली, “जाऊ दे. वर तर दोघं आलो ना.” मग ओढणीला हात पुसत ती कुरडया उलटायला गच्चीवर गेली.