जुन्या एमजीबीचं वायरिंग रेससाठी नव्याने कसं करावं?

तुमच्या काकांची १९६५ची एमजीबी (जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार) दांडिया बाजारातल्या शेडमध्ये पडून आहे आणि जुन्याच हार्नेसला, म्हणजे गाडीतल्या वायरींच्या जुडग्याला, ठिगळं लावू का, असं विचारलंयत. नका लावू. साठ वर्षांची वायर वाकवली की इन्सुलेशनचा भुगा होतो, त्यात आपल्या वडोदऱ्याचा उन्हाळा!

आधी अर्थिंग बघा. ही गाडी मुळात पॉझिटिव्ह अर्थची, म्हणजे बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेलं. आजचा अल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज बनवणारा), इलेक्ट्रॉनिक इग्निशन (इंधन पेटवायला ठिणगी पाडणारी यंत्रणा) बसवायचं तर निगेटिव्ह अर्थ करावंच लागेल.

सगळ्यात जास्त चूक होते ती कट-ऑफ स्विचमध्ये, म्हणजे गरज पडली की गाडीची सगळी वीज तोडणाऱ्या स्विचमध्ये. साधा दोन टर्मिनलचा स्विच बॅटरी तोडतो, पण अल्टरनेटर इग्निशनला वीज देत राहतो आणि इंजिन बंदच होत नाही. म्हणून इग्निशनही तोडणारा, अल्टरनेटरची उरलेली वीज जिरवणाऱ्या रेझिस्टरसह येणारा सहा टर्मिनलचा स्विच घ्या. बाहेरून ओढता यायला हवा, शेजारी निळ्या त्रिकोणात लाल विजेची खूण.

रेडिओ, हीटर काढून टाका. इंधन पंप, पंखा, इग्निशन यांना वेगवेगळे फ्यूज द्या. पंप आणि पंखा रिलेवरून (थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच). जोड क्रिम्पच करा, म्हणजे वायर धातूच्या टोकात दाबून घट्ट बसवा. सोल्डरने वायर कडक होते, मग कंपनाने नेमकी तिथेच तुटते. आपल्याकडच्या मिस्त्रींना हे पटत नाही, तेव्हा क्रिम्पिंगची पक्कड स्वतःच घेऊन जा.