'थोरला' बसतो का ते बघा

ताई, तुमच्या मुलाच्या वहीत 'माय ब्रदर इज एल्डर दॅन मी' या वाक्यावर बाईंनी लाल रेघ मारली ती बरोबरच आहे. तुमची शंकाही रास्त आहे. डिक्शनरीत एल्डरही मोठा आणि ओल्डरही मोठा, मग चुकलं कुठं?

कोल्हापुरात पंचवीसेक वर्षं शिकवण्या घेतोय, ही चूक दर वर्षी भेटते. मी पोरांना एकच विचारतो, तिथं 'थोरला' बसतो का? 'माझा थोरला भाऊ' म्हणजे माय एल्डर ब्रदर. पण 'माझ्यापेक्षा' म्हटलं की आपल्या तोंडातनं आपोआप 'मोठा' येतं. इंग्रजीतही तसंच, दॅन आला की ओल्डर. (आमच्याकडं थोरला धोंडापण असतो, तेवढं सोडून द्या.) निर्जीव वस्तूंना तर एल्डर चालतच नाही. जुना राजवाडा न्यू पॅलेसपेक्षा ओल्डर, एल्डर नव्हे.

गंमत म्हणजे ओल्डचं मूळचं तुलनेचं रूप एल्डरच. ओल्डर मागनं आला आणि त्यानं बहुतेक जागा बळकावली. एल्डरकडं राहिलं ते घरातलं नातं आणि मान. आपण थोरले माधवराव आणि सवाई माधवराव म्हणून दोघांना वेगळं करतो ना? इंग्लंडात विल्यम पिट नावाचे बापलेक दोघंही पंतप्रधान झाले. त्यातला बाप 'पिट द एल्डर', पोरगा 'पिट द यंगर'.

'एल्डर टू मी' हे आपल्याकडं सर्रास चालतं, मीही कॉलेजात असताना बिनधास्त लिहायचो. हा टू सीनियरकडनं उसना आलेला. सीनियर, ज्युनियर, सुपीरियर, इन्फीरियर हे लॅटिनमधनं आलेले, त्यांनाच टू लागतो. पेपरात तरी टाळा.

लेस आणि फ्यूअर तुम्ही जाता जाता विचारलंय. तिथं मराठी मदतीला येत नाही, आपला 'कमी' दोन्हीकडं चालतो. मग मिसळ आठवा. ब्रेडच्या स्लाइस मोजता येतात, त्या फ्यूअर. कट मोजता येत नाही, तो लेस. पण अंतर, पैसा, वेळ यांत आकडा असला तरी सगळं मिळून एकच माप धरतात. म्हणून पन्हाळा कोल्हापूरपासनं 'लेस दॅन थर्टी किलोमीटर्स', इथं फ्यूअर नको. हा अपवाद बरेच शिक्षकही विसरतात.

फार्दर-फर्दरवर डोकं शिणवू नका. अंतराला दोन्ही चालतात. 'अधिक माहिती' असली की मात्र फर्दरच.

आणि बाईंशी वाद घालायला जाऊ नका, मुलाला फक्त 'माय एल्डर ब्रदर' आणि 'ओल्डर दॅन मी' शेजारी-शेजारी पाच वेळा लिहायला लावा.