सोळा तास उपाशी, तरी काटा हलेना

प्रश्न : वय 43, वजन 82 किलो, इतवारीत दुकान. दोन महिन्यांपासून दुपारी 1 ते रात्री 9 याच वेळात खातो. सकाळी फक्त दोन कप चहा. 1 वाजता तर्री पोहे, संध्याकाळी फरसाण, रात्री पूर्ण जेवण, सोमवारी साबुदाण्याची खिचडी. पहिल्या पंधरवड्यात दोन किलो उतरले, मग काटा हललाच नाही. काय चुकतंय?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : ते दोन किलो बहुतांशी पाणीच होतं. शरीरात साठवलेल्या साखरेच्या, म्हणजे ग्लायकोजेनच्या, दर ग्रॅममागे साधारण 3 ग्रॅम पाणी असतं. साठा घटला की तेही जातं. उपाशीपोटी इन्सुलिन उतरून चरबी वापरली जाते हे खरं, पण नंतर तेवढंच खाल्लं तर ती पुन्हा भरून निघते. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या चीनमधल्या वर्षभराच्या चाचणीत 139 जण होते. दोन्ही गटांचे उष्मांक सारखेच कमी केले, तेव्हा 8 तासांतच जेवणाऱ्यांना ठळक जास्त फायदा झाला नाही. वेळेच्या बंधनाचा खरा उपयोग खाणं कमी होण्यात आहे, आणि तुमचं तेच झालेलं नाही.

चहाच्या दर कपात 100 मिली दूध आणि दोन चमचे साखर असेल, तर दोन कपांचे जवळपास 200 उष्मांक होतात. शिवाय उपास तिथेच मोडतो. कोरा, बिनसाखरेचा घ्या.

सगळ्यात खटकतात ते पोहे. तर्रीत हरभरे मोजकेच आणि तेल भरपूर. प्रथिनं कमी पडतात, म्हणून संध्याकाळी फरसाणाकडे हात जातो. 1 वाजताच नीट जेवा: एक ज्वारीची भाकरी, दोन वाट्या घट्ट वरण, पालेभाजी आणि 100 ग्रॅम पनीर किंवा तीन अंडी. दिवसभरात 80 ते 90 ग्रॅम प्रथिनं हवीत, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही झिजतात. 50 ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्यांतून 25 ग्रॅम मिळतात. सावजी चिकनही चालेल, वरचा तेलाचा तवंग काढून. साबुदाणा मात्र सोडाच: 100 ग्रॅम कोरड्या दाण्यांत 350 उष्मांक, प्रथिनं जवळजवळ शून्य, वर शेंगदाणे आणि तूप. सोमवारी दही, दूध, राजगिरा बरा.

वजन आठवड्यातून एकदाच, सकाळी, शौचानंतर करा. अर्धा किलो उतरलं तरी उत्तम. कंबरही मोजा, पुरुषांत ती 90 सेंमीच्या आत हवी.

मे महिन्यात पारा 45 अंशांकडे जातो, तेव्हा उपासाच्या तासांतही पाणी पीत राहा. विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण बरेच आहेत. त्यांनी हा प्रयोग स्वतःहून करू नये, कारण शरीरातलं पाणी घटलं की तीव्र वेदनांचा झटका येऊ शकतो. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडची गोळी घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांकडून डोस ठरवून घ्यावा. उपाशीपोटी रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी हा उपास करू नये.