बग माझा, की माझ्यातला?

प्रश्न : मी पुण्यातील एका सॉफ्टवेअर कंपनीत दोन वर्षांपासून प्रोग्रामर आहे. माझ्या कोडमध्ये बग, म्हणजे चूक, निघाला, की तो माझ्या बुद्धीवरचाच शेरा वाटतो आणि सहकाऱ्यांपुढे कोड तपासायला ठेवणेही नकोसे होते. हा स्वभाव बदलता येतो का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : स्वभावाचे मला सांगता येणार नाही, सवय मात्र बदलते, आणि माझी बदलायला सात-आठ वर्षे लागली. उमेदवारीच्या काळात मी लिहिलेल्या पगाराच्या प्रोग्राममध्ये महिन्याच्या अखेरच्या तारखेला रुजू झालेल्यांचा त्या दिवसाचा पगारच धरला जात नव्हता. दोन दिवस मी डेटाबेसला दोष देत राहिलो. तिसऱ्या दिवशी शेजारच्या सहकाऱ्याला एकेक ओळ समजावून सांगताना, ‘पेक्षा लहान किंवा समान’ हवे तिथे आपण नुसते ‘पेक्षा लहान’ लिहिले आहे, हे माझे मलाच दिसले. त्या बिचाऱ्याने तोवर तोंडही उघडले नव्हते. बग अर्ध्या तासाचा होता, बाकीचा वेळ माझे चुकणारच नाही या समजुतीने खाल्ला.

डोनाल्ड कनूथ यांच्याइतका काटेकोर प्रोग्रामर विरळाच; पण ‘टेक’ या अक्षरजुळणीच्या प्रणालीत सापडलेल्या स्वतःच्या चुकांची नोंद त्यांनी १९७८ पासून ठेवली आणि १९८९ मध्ये ती वर्गवारीसह प्रसिद्धही केली. त्यांच्या पुस्तकातील चूक दाखवणाऱ्याला ते २.५६ डॉलरचा धनादेश देत, कारण दहाऐवजी सोळाच्या पटीत मोजणाऱ्या षोडशमान पद्धतीत २५६ हा आकडा १०० असा लिहितात, म्हणजे २५६ सेंट हा त्या पद्धतीतला एक डॉलर!

शिवाय कोड चुकतो तेव्हा लिहिणारा अडाणीच असतो असे नाही. ४ जून १९९६ रोजी एरियान-५ रॉकेटचे पहिले उड्डाण सुमारे चाळीस सेकंदांत संपले. एरियान-४ वर बिनतक्रार चाललेला कोड त्यात तसाच घेतला होता; नव्या रॉकेटचा आडवा वेग अधिक असल्यामुळे त्याच्याशी निगडित ६४ बिटांची संख्या १६ बिटांत मावली नाही. ‘कोणाचे चुकले’ यापेक्षा ‘कोणते गृहीतक आता लागू राहिले नाही’ हा प्रश्न इथे अधिक उपयोगी पडतो, आणि तो विचारताना मान खाली घालावी लागत नाही.

तुमच्या चमूत चुकीवरून हसेच होत असेल, तर दोष तुमच्या स्वभावाचा नाही आणि चमू बदलण्याचा विचार जरूर करावा. एरवी एक वही ठेवा : मी काय धरून चाललो होतो, आणि प्रत्यक्षात काय निघाले. माझ्या वहीतल्या निम्म्याहून अधिक नोंदी तारखांच्या हिशेबाच्या निघाल्या. तेव्हापासून तारखेला हात लावला, की तो कोड मी आपणहून दुसऱ्याकडे तपासायला देतो.