शाळेचा खर्च झेपत नाही ताई, काय करू?

प्रश्न : ताई नमस्कार. मी सोलापूरची, घरी विड्या वळते, मिस्टर बिगारी कामाला जातात. मुलगी सहावीला अनुदानित शाळेत, मुलगा इंग्लिश मीडियमला पहिलीत. त्याच्या शाळेनं गणवेश, बूट, पीटी ड्रेस सगळं एकाच दुकानातून घ्यायला सांगितलंय, ते आम्हाला नाही झेपत. मागच्या आठवड्यात नुसता पीटी ड्रेस नव्हता म्हणून त्याला वर्गाबाहेर उभं केलं. तो आता शाळेत जायचं म्हटलं की रडतो. काय करावं?

उत्तर : आधी बाहेर उभं केल्याचं बोलते, कारण पैशाचं नंतरही बघता येईल पण पोराच्या मनात बसलेलं लवकर निघत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 मध्ये मारण्यासोबत मानसिक त्रास द्यायलाही बंदी आहे, आणि गणवेशावरून सहा वर्षांच्या मुलाला सगळ्यांसमोर बाहेर काढणं हा त्रासच आहे. मुख्याध्यापकांना साध्या कागदावर अर्ज लिहा, तारीख टाका, काय झालं ते चार ओळीत, आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. तोंडी बोललेलं विसरलं जातं, पोच असली की विसरता येत नाही. एवढं करूनही परत तसंच झालं तर तीच प्रत घेऊन महापालिकेच्या शिक्षण विभागात जा.

आता दुकानाचं. अमुकच दुकानातून घ्या अशी सक्ती शाळेला करता येत नाही, रंग आणि नमुना शाळेचा, दुकान तुमचं. आणि अहो तुम्ही सोलापुरात राहता, शाळेचे गणवेश शिवणारे कारखानदार तुमच्याच गावात आहेत, बाहेरच्या राज्यात माल इथून जातो! चार-पाच आयांनी मिळून कापड एकदम घ्या, शाळेतून फक्त मोनोग्राम आणि टाय घ्या, आणि शिवणाऱ्या बाईला सांगा की पँटीच्या खाली तीन बोटं दुमड ठेव, कमरेला आत कापड सोड. पुढच्या जूनला उसवून खाली सोडली की अजून एक वर्ष निघतं. दुमडीची जुनी रेघ दिसते थोडी, दिसू दे.

सरकारी मदत कुठली मिळणार हे शाळा कुठल्या प्रकारची आहे यावर ठरतं आणि हे आपल्याला प्रवेश घेताना कोणी सांगत नाही. झेडपी किंवा महापालिकेची शाळा असेल तर आठवीपर्यंत पुस्तकं, जेवण, गणवेश तिन्ही फुकट. खासगी अनुदानित असेल, म्हणजे तुमच्या मुलीची, तर पुस्तकं आणि जेवण मिळतं, गणवेश आपला आपण. आणि मुलाची जी विनाअनुदानित आहे तिथे यातलं काहीच नाही. 25 टक्के राखीव जागांतून फुकट प्रवेश असतो, वर्षाचं उत्पन्न एक लाखाच्या आत असलं तर, पण तो सुरुवातीच्या वर्गालाच, आता मुलगा पहिलीत बसल्यावर तो रस्ता बंद झाला. म्हणून मनापासून सांगते, रागावू नका, या वर्षभरात जवळच्या महापालिकेच्या आणि अनुदानित शाळा स्वतः जाऊन बघा, मुलीच्याच शाळेत जागा मिळाली तर फारच छान. कर्ज काढून पहिली-दुसरी करायची आणि पाचवीला शाळा सोडवायची वेळ आणायची यात मुलाचं भलं नाही असं मला वाटतं.

आणि तुमच्या हक्काचे पैसे आहेत ते घ्या ना! तुमच्याकडे विडी कामगाराचं कार्ड असेल तर केंद्र सरकारच्या कामगार कल्याण विभागाची स्कॉलरशिप आहे, पहिली ते चौथीला वर्षाला 1000, पाचवी ते आठवीला 1500 रुपये, अर्ज नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर. मिस्टरांची बांधकाम कामगार म्हणून नोंदणी झालीय का? नसेल तर हे पहिलं काम. मागच्या वर्षभरात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो, ठेकेदार देतो किंवा महापालिकेतून मिळतो. मग बांधकाम कामगार कल्याण मंडळाकडून पहिली ते सातवीला वर्षाला 2500 आणि आठवी ते दहावीला 5000 मिळतात, दोन मुलांपर्यंत, हजेरी 75 टक्के हवी. एकाच मुलाला दोन्हीकडचं चालतं का ते अर्ज भरतानाच विचारून घ्या. आणि एजंटला पैसे देऊ नका, अजिबात नाही.

प्रश्न : आमच्या गावात झेडपी शाळा आहे. मी सकाळी सहालाच मजुरीला जाते, मुलगा तिसरीला, तो शाळेतल्या खिचडीवरच असतो. कधी कच्ची असते, कधी शिजतच नाही. फुकटचं आहे म्हणून बोलायची लाज वाटते. गणवेशही एकच मिळालाय. – एक आई, बीड जिल्हा

उत्तर : लाज कशाची? 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्यानं ते जेवण तुमच्या मुलाचा हक्क आहे. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज 100 ग्रॅम धान्य, 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रोटीन एवढं ताटात यायला हवं, सहावी ते आठवीला 150 ग्रॅम धान्य. आणि धान्य, इंधन किंवा स्वयंपाकी नाही म्हणून शिजलं नाही तर त्या दिवसाचा भत्ता पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत द्यायचा असा 2015 चा नियम आहे, हे फार थोड्या पालकांना माहीत असतं. न शिजलेल्या दिवसांच्या तारखा घरच्या कॅलेंडरवर खुणा करून ठेवा.

शाळेत चवीची नोंदवही असते, वाढायच्या आधी चव घेऊन सही करायची असते, पालकालाही चव घेता येते. मजुरी बुडवून रोज जा असं मी म्हणणार नाही, पण वस्तीतल्या आयांनी वार वाटून घेतले तर एकेकीच्या वाट्याला महिन्यातून एखादा दिवस येईल. स्वयंपाक करणाऱ्या ताईवर मात्र लगेच ओरडू नका, तिला मिळणारं मानधन फारच कमी आहे आणि डाळ-तेल वेळेवर आलं नाही तर ती तरी काय शिजवणार. विचारायचं ते समितीला. शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के पालक असतात, आणि समितीत निम्म्या बायका असायलाच हव्यात. पुढच्या वेळी निवड होईल तेव्हा तुम्ही नाव द्या.

गणवेशाचंही तिथेच विचारा. वर्षाला दोन जोड, मुलामागे 600 रुपये असा हिशोब आहे. 2024-25 ला कापड वरूनच पाठवलं, खूप ठिकाणी उशीर झाला, मापं चुकली, म्हणून 2025-26 पासून काम परत समितीकडे आलं. म्हणजे दुसरा जोड कुठंय हे गावातच कळू शकतं.

प्रश्न : मुलगी आता आठवीत. पुढच्या वर्षी शाळेतलं जेवण बंद होणार, खर्च कसा भागवू?

उत्तर : हो, नववीपासून जेवण नाही. पण ती आत्ता आठवीत आहे तर एनएमएमएस, म्हणजे केंद्र सरकारच्या स्कॉलरशिपची जी परीक्षा असते, तिचा अर्ज भरलाय का? पास होऊन निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला 12000 रुपये मिळतात. सरकारी, झेडपी, महापालिका नाहीतर अनुदानित शाळा हवी, घरचं उत्पन्न साडेतीन लाखाच्या आत आणि सातवीला 55 टक्के, एससी-एसटीला 50. अर्ज शाळेतूनच जातो, सरांना उद्याच विचारा. डब्याला भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी, मटकीची उसळ, जमेल तेव्हा उकडलेलं अंडं, सोबत फुटाणे-गूळ. या वयात मुलींना रक्त कमी पडतं, म्हणून बाकी कशात काटकसर करा पण तिच्या डब्यात नको.